दहा नंबरचा पाना कुठे गेला?

गेल्या महिन्याच्या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेलो होतो, ‘लांब निघताना डिकीत चार हत्यारं असू द्यात.’ कोणती चार, ते लिहायचं राहिलं आणि वाचकांनी मला बरोबर धरलं. आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतो. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी मी पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यामुळे माझी उत्तरं घाटात, पावसात आणि अवेळी अडकलेल्या गाड्या बघून तयार झालेली आहेत. हाकेच्या अंतरावर मेकॅनिक असलेल्या शहरातल्या मंडळींना त्यातलं थोडं जास्तीचं वाटेल.

प्रश्न : आम्ही पहिल्यांदाच गाडी घेतली आहे, छोटी हॅचबॅक. ऑनलाइन एकशे आठ नगांचा टूलकिट दिसतोय. घ्यावा का? नाहीतर नेमकं काय ठेवायचं? – एक वाचक, पुणे

नका घेऊ. त्या पेटीतल्या शंभर वस्तूंना तुमच्या गाडीत काम नाही, आणि उरलेल्या आठ ज्या दिवशी लागतील त्या दिवशी त्यांचं लोखंड दगा देतं. मऊ पाना जोर दिला की तोंडात फाकतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग जे काम दोन मिनिटांचं होतं त्याला माझ्यासारख्याला छिन्नी-हातोडी घ्यावी लागते.

उलट बाजूने विचार करा. आजच्या गाडीत रस्त्याच्या कडेला उभं राहून तुम्ही स्वतः काय करू शकता? चाक बदलणं, हवा भरणं, बॅटरीचं सैल टर्मिनल आवळणं, फ्यूज बदलणं, एखादा बल्ब बदलणं, आणि खाली लोंबकळणारं काहीतरी बांधून टाकणं. इंजेक्टर, सेन्सर, टायमिंग चेन यांना हात लावायचा नाहीच. तेव्हा हत्यारंही तेवढ्याच कामांची हवीत.

दहा नंबरचा आणि बारा नंबरचा पाना घ्या, नावाजलेल्या कंपनीचा आणि सुटा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या बॅटरी टर्मिनलचा नट दहा नंबरचा असतो. ‘गाडी सेल्फच मारत नाही, टिकटिक करते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी गाड्या मी फक्त तो एक नट आवळून परत पाठवल्या आहेत. आणि हाच पाना प्रत्येक घरातून, प्रत्येक गॅरेजमधून गायब होतो. माझ्याकडे आत्ता चौदा नंबरचे सहा पाने आहेत, दहाचा एकही नाही. म्हणून दोन घ्या.

त्याच्या जोडीला पक्कड, दोन्ही तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, एक धारदार सुरी, इन्सुलेशन टेप आणि प्लास्टिकच्या केबल टायचं (ओढून आवळायच्या पट्ट्यांचं) पाकीट, मोठ्या लांबीचं. या टाय म्हणजे गेल्या वीस वर्षांत गाडीच्या हत्यारांत पडलेली सर्वांत उपयोगी भर आहे. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात गाडी खालून घासली की इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर सुटून रस्त्याला घासायला लागतं. आवाज असा येतो की आता गाडी दुभंगणार. दोन भोकांतून दोन टाय ओवल्या की पुढचे दोनशे किलोमीटर निवांत.

फ्यूजचं दहा रुपयांचं काम लोक विसरतात. गाडीच्या पुस्तकात फ्यूजचा नकाशा असतो. डबा एक स्टिअरिंगखाली आणि एक बॉनेटमध्ये. रंग सगळीकडे सारखेच असतात : दहा अँपिअर लाल, पंधरा निळा, वीस पिवळा, तीस हिरवा. प्रत्येकी दोन घेऊन ठेवा, पण घेण्याआधी तुमच्या गाडीतला एक काढून आकार जुळवा, कारण हल्ली मोठे, छोटे आणि अगदी बुटके असे निरनिराळे येतात. रात्री हेडलाइटचा फ्यूज गेला आणि जवळ दुसरा नसेल तर हॉर्नचा नको, रेडिओचा काढून लावा, अँपिअर तेवढाच असेल तरच. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘चालू’ करणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या गाड्यांचं वायरिंग वितळलेलं मी पाहिलंय.

एक टॉर्च, कपाळावर बांधायचा. हातातला टॉर्च म्हणजे एक हात कमी. तोंडात धरला तर बोलता येत नाही, आणि रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी बोलायला खूप असतं.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, रोज पाटणहून आत डोंगरातल्या शाळेत जाते. मागच्या महिन्यात चाक बसलं, स्टेपनी होती, जॅक होता, पण नट काही केल्या फिरेनात. शेवटी एका जीपवाल्याने मदत केली. माझ्याने हे कधी होणारच नाही का? – एक वाचक, जि. सातारा

ताई, होणार. ताकदीचा दोष नाही, दोष तुमच्या आधी ज्याने चाक बसवलं त्याचा आहे. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट आवळतात, आणि पोरगा बोट उचलायला विसरला की तो नट बैलही फिरवू शकत नाही. पुढच्या वेळी चाक काढलं गेलं की समोर उभ्या राहा आणि शेवटची आवळण हातपान्याने करून घ्या. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

आता पद्धत. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर पहिल्यात. जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड किंवा लाकडी उटी (पाचर). जॅक लावायच्या आधी नट सैल करायचे, कारण चाक जमिनीवर असतानाच त्याला धरून ठेवायला कोणी असतं. सगळे लोक इथेच चुकतात.

गाडीबरोबर आलेला पाना वीतभर लांब असतो, तो कोणाच्याच उपयोगाचा नाही. भंगारवाल्याकडून दोन-अडीच फुटांचा लोखंडी पाइप आणा, पान्याच्या दांड्यावर बसेल असा. तो डिकीत ठेवा. पाना नटावर असा बसवा की दांडा तुमच्या डाव्या हाताला आडवा राहील, घड्याळात नऊ वाजताना छोटा काटा असतो तसा. मग पाइपच्या टोकावर हाताने नाही, पायाने दाब द्या. तुमचं वजन पन्नास किलो असलं तरी अडीच फुटांवरून ते पुष्कळ होतं. नट ‘कट्’ असा आवाज करून सुटतो. तो आवाज ऐकून तुम्हाला स्वतःचाच अभिमान वाटेल. प्रत्येक नट अर्धा फेरा सैल, एवढंच. काढायचा नाही.

मग जॅक. तो दाराखालच्या पट्टीवर जिथे खाच किंवा खूण आहे तिथेच. पावसाळ्यात मऊ जमिनीत जॅक रुततो, म्हणून एक फळी जवळ हवी. चाक निघण्याआधी स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर बसते, तुमच्या पायावर नाही. चाक बदलताना पंक्चर झालेलं चाक तिथे ठेवायचं आणि स्टेपनी बाहेर घ्यायची.

आमच्या कोकणपट्ट्यात आणखी एक भानगड असते : नट सगळे निघतात पण चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, गंजाने चिकटून बसतं. जॅकवरच्या गाडीला लाथा घालू नका. नट पुन्हा तीन-चार आटे बसवा, गाडी खाली घ्या, हातभर पुढे-मागे करा. वजनाने चाक सुटतं.

स्टेपनी बसवताना नट समोरासमोर आवळायचे, एकामागून एक गोल फिरत नाही. शेवटची आवळण गाडी खाली घेतल्यावर, हाताच्या जोराने. यावेळी पाइप वापरायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी मलाच शिव्या द्याल. पन्नासएक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना फिरवून बघा.

आणि हे सगळं या रविवारी घराच्या अंगणात करून पाहा. एकदा. घाम येईल, अर्धा तास लागेल, पण रस्त्यावर दहा मिनिटं पुरतील. अंगणातच कळेल की स्टेपनीत हवाच नाही, किंवा अलॉय चाकांना चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या लॉक नटची वेगळी चावी कपाटात पडली आहे. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा स्टेपन्यांत किती बसलेल्या असतात ते लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

(जाता जाता : ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनवायला सुरुवात झाली. विलायतेत हा शब्द विसरला गेला, आपल्याकडे मराठी झाला.)

प्रश्न : नागपूर-मुंबई समृद्धीवरून वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात. टायर फुटण्याच्या बातम्यांनी घरचे घाबरलेत. शिवाय माझ्या नव्या गाडीला स्टेपनीच नाही, पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली आणि पंप दिलाय. हे कायदेशीर आहे? – एक वाचक, नागपूर

कायदेशीर आहे. २०२० च्या जुलैत केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. कायदेशीर आहे म्हणून सोयीचं आहे असं मात्र नाही. त्या बाटलीतला द्रव खिळ्याच्या भोकाला चालतो. टायरची बाजू फाटली किंवा मोठी चीर गेली तर तो रस्त्यावर सांडण्यापलीकडे काही करत नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते, तीही बघा. डिकीत जागा असेल आणि मापाची रिम मिळाली तर वेगळी स्टेपनी विकत घ्या. महाग पडते, पण ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर चढ-उतार फक्त ठरावीक इंटरचेंजवर आहेत. ‘जवळच्या गावात जाऊन पंक्चर काढू’ हा आपला जुना हिशोब तिथे चालत नाही.

टायर फुटण्याबद्दल लोकांची समजूत उलटी आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे तापून फुटणार नाही, असं सांगणारे भेटतात. कमी हवा असलेला टायर चालताना बाजूने सतत दुमडतो आणि उलगडतो. तार वाकवून वाकवून तोडताना ती कशी तापते? तसंच. त्यात विदर्भातला मे महिना, काँक्रीट, १२० चा वेग आणि दोन तास न थांबता पळणं. टायर आतून शिजतो आणि जातो. दारापाशी चिकटवलेल्या स्टिकरवर आकडा असतो. सामान आणि माणसं भरलेली असतील तर त्यासाठी वेगळा, जास्तीचा आकडा असतो. सकाळी, गाडी थंड असताना तेवढी हवा भरून निघा. दुपारी ढाब्यावर मोजली तर तीन-चार पाउंड जास्त दिसेल. ती काढू नका. ती उष्णतेची आहे, संध्याकाळी आपोआप उतरते. नायट्रोजनने जादू होत नाही, साधी हवा नियमित तपासली तर पुरते.

टायरवर बाजूला शेवटी चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी चालली म्हणून नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचं रबर कडक होऊन चिरतं. तो टायर गावात चालवा, समृद्धीवर नको. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला.

तुम्ही ठेवायच्या वस्तू : बारा व्होल्टवर चालणारा पंप, स्वतःचा हवा मोजायचा गेज, आणि पंक्चर काढायच्या रबरी पट्ट्यांचा किट. किट दोन-तीनशे रुपयांत येतो : कानशीसारखा सुया (जाड टोच्या), नेढं असलेली सुई, चिकट पट्ट्या आणि सोल्यूशनची ट्यूब. खिळा लगेच उपटू नका. आधी सगळं हाताशी काढून ठेवा, मग पकडीने खिळा ओढा, सुया आत-बाहेर फिरवून भोक खरवडा, पट्टी अर्ध्यावर ओवून सुई जोराने आत घाला आणि झटक्यात बाहेर ओढा. पट्टीची दोन टोकं बाहेर राहतात, ती कापा. थुंकी लावून बुडबुडे येतात का पाहा. हे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागापुरतं. बाजूला कधीही नाही. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत वाळते, म्हणून दर दिवाळीला नवी घ्या. पंप चालवताना इंजिन चालू असू द्या.

चाक बदलायला थांबलात तर गाडी जेवढी डावीकडे जाईल तेवढी घ्या, माणसांना कठड्यापलीकडे उभं करा आणि लाल त्रिकोण गाडीपासून निदान शंभर पावलं मागे नेऊन ठेवा. गाडीला टेकवून ठेवलेला त्रिकोण हा फक्त फोटोत चांगला दिसतो. उजव्या बाजूचं चाक असेल आणि वाहतूक भरधाव असेल तर ते बदलूच नका, मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३, पण समृद्धी राज्याची आहे, तिचा वेगळा क्रमांक टोलनाक्यावर लिहिलेला असतो. तो निघतानाच मोबाइलमध्ये टाका.

प्रश्न : आम्ही चार मित्र डिसेंबरात मोटरसायकलने ठाण्याहून किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्याला जाणार आहोत. दोघांच्या १५० सीसीच्या, एकाची जुनी शंभरची, एकाची बुलेट. काय घ्यावं? – एक वाचक, ठाणे

किनारी रस्ता म्हणजे जेट्ट्या, होड्या आणि मधूनच कच्चा तुकडा. मजा आहे. चौघांत मिळून एकच पिशवी करा, प्रत्येकाने सगळं वागवू नका.

पहिली वस्तू क्लचची वायर. प्रत्येक गाडीची वेगळी, म्हणून चार. निघायच्या आधी ती जुन्या वायरच्या शेजारूनच ओवून, टेपने चिकटवून, दोन्ही टोकं मोकळी ठेवून बसवा. जुनी तुटली की फक्त टोकं अडकवायची, पाच मिनिटांत काम. नवी नसेल आणि वायर तुटली तरी गाडी चालते. न्यूट्रलवर चालू करा, पायाने ढकलत थोडा वेग द्या आणि पहिला गिअर टाका. झटका बसतो, पण निघते. पुढचे गिअर ॲक्सिलरेटर सोडून बदला. सिग्नल नसलेल्या रस्त्याला हे जमतं, रत्नागिरी बाजारात नाही.

टायर कोणाचे ट्यूबचे आहेत ते आत्ताच बघा. जुन्या शंभरच्या आणि बुलेटच्या तारांच्या चाकांत ट्यूब असण्याचीच शक्यता जास्त. त्यांच्यासाठी एकेक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप आणि चाकाच्या एक्सल नटाच्या मापाचा पाना. हा शेवटचा लोक विसरतात, कंपनीच्या पिशवीत तो असतो पण पत्र्याचा. टायर रिममधून सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड त्याच्या कडेवर टेकवून गाडीचं वजन द्या. ट्यूब घालताना लिव्हरने तीच चिमटून नवं पंक्चर करणं हा प्रत्येकाचा पहिला अनुभव असतो. ट्यूबमध्ये फुंकरभर हवा आधी भरा म्हणजे ती दुमडत नाही.

प्लग एकेक आणि प्लगचा पाना. चेनचं जोडलॉक, प्रत्येकाच्या चेनच्या मापाचं. तारेचं भेंडोळं. बुलेटवाल्याला सांगा, थरथरीने नट सैल होतात, रोज रात्री मुक्कामावर पाना फिरवायचा. त्याला राग येईल, तरी सांगा.

आणि गाडी अचानक बंद पडली तर हत्यारांची पिशवी सोडण्याआधी उजव्या हाताजवळचं, इंजिन बंद करायचं लाल बटण बघा. मग साइड स्टँड वर आहे का बघा. मग पेट्रोल. माझ्याकडे टेम्पोत घालून आणलेल्या गाडीचं लाल बटण मी ‘दुरुस्त’ केलेलं आहे. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

प्रश्न : मी निवृत्त. गाडी आठवड्यातून एकदा निघते आणि दर दोन महिन्यांनी बॅटरी उतरते. शेजारच्या गाडीवरून वायर लावून चालू करताना ठिणगी उडाली, तेव्हापासून धीर होत नाही. – एक वाचक, नाशिक

काका, ठिणगीला घाबरलात ते बरोबरच आहे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून शेवटची जोडणी बॅटरीपाशी करायची नसते. क्रम असा : लाल वायर आधी तुमच्या उतरलेल्या बॅटरीच्या अधिकवर, तिचं दुसरं टोक शेजाऱ्याच्या अधिकवर. काळी वायर शेजाऱ्याच्या उणेवर, आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीवर नाही, तर बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. शेजाऱ्याची गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग तुमची चालू करा. काढताना बरोबर उलट क्रम. वायर घेताना जाडी बघा. बाजारात जाड प्लास्टिकच्या आत शेवयांएवढी तार घातलेल्या वायरी विकतात. त्या गरम होतात, गाडी चालू करत नाहीत.

पण तुमचा खरा प्रश्न वायरीचा नाही. आठवड्याला दोन किलोमीटर भाजी आणायला गाडी काढलीत तर बॅटरीतून जेवढं गेलं तेवढंही परत भरत नाही. आठवड्यातून एकदाच काढायची तर गंगापूर धरणापर्यंत जाऊन या. स्वस्तातला मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभी गाडी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते तर बॅटरी भरलेली, १२ वर आली तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १४ ला जायला हवा. जात नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, बॅटरी भरणारा अल्टरनेटर दाखवा. खिशातल्या पॉवर बँकेसारखे जंप स्टार्टर मिळतात, तेही चांगले, फक्त उन्हातल्या गाडीत ठेवून देऊ नका. त्यात लिथियम असतं. घरात ठेवा, निघताना घ्या.

प्रश्न : मे महिन्यात आंबा घाट चढताना काटा लाल रेषेला गेला. थांबून रेडिएटरचं झाकण उघडू लागलो तर एका ट्रकवाल्याने हात धरला. का? – एक वाचक, कोल्हापूर

त्या ट्रकवाल्याला पेढे द्या. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, झाकण सैल केलं की ते तोंडावर येतं. काटा चढायला लागला की आधी एसी बंद, हीटर पूर्ण जोरावर (घाम येईल, पण इंजिनाची उष्णता आत येते), आणि सुरक्षित जागा मिळाली की थांबा. वाफ दिसत असेल तर इंजिन बंद. बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास खरोखर वाट बघा. मग पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी बघा. पाच लिटरचा पाण्याचा कॅन घाटाच्या प्रवासात डिकीत हवाच. गरम इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका. पाइप फाटलेला दिसला तर क्लिपपाशी असल्यास फाटका भाग कापून पुन्हा आवळा, मध्ये असल्यास जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. पाण्याचा माग नसेल तर पंख्याचा फ्यूज बघा.

प्रश्न : इलेक्ट्रिक कारला हे सगळं लागतं का? – एक वाचक, पिंपरी

टायर, टायर, आणि पुन्हा टायर. तिलाही साधी बारा व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मुकी होते. बॉनेटखाली नारिंगी केबल दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. टोचन करून चाकांवर ओढत न्यायची नाही, सपाट ट्रॉलीवरच चढवायची. गाडीबरोबरचा घरगुती चार्जर ठेवा, मात्र अर्थिंग नसलेल्या ढाब्यावर तो बहुधा चालणार नाही.

प्रश्न : पिकअप आहे, लासलगावहून वाशीला कांदा नेतो. कसारा घाटात मागचं चाक बसलं, गाडीच्या जॅकने भरलेली गाडी उचललीच नाही. – एक वाचक, लासलगाव

भाऊ, भरलेल्या पिकअपला पाच टनांचा बाटली जॅक घ्या, त्याखाली फूटभर लाकडी ओंडका आणि पान्याला चार फुटी पाइप. जादा फॅन बेल्ट सोबत हवा, तोही तुमच्या गाडीवर एकदा बसवून खात्री केलेला. डिझेल पूर्ण संपू देऊ नका, लाइन हवा धरते आणि मग हातपंप मारून बोटं दुखतात. थांबलात की मागच्या चाकांच्या हबला हाताची पाठ जवळ नेऊन बघायची सवय लावा. एक बाजू जास्त तापली असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय.

घाटात चाकाला लावलेला दगड निघताना उचला. अंधारात त्या दगडावर मोटरसायकल घालून आलेला पोरगा मी माझ्या गॅरेजसमोर उचललाय.

प्रश्न : आमच्या काळी पेट्रोलच्या टाकीला गळती लागली की कपड्याच्या साबणाने बुजवायचो, आणि फॅनचा पट्टा तुटला की बायकोचा नायलॉनचा मोजा बांधायचो. हल्लीच्या पोरांना हे का सांगत नाही? – एक वाचक, रत्नागिरी

आजोबा, साबणाचं खरं आहे. लोखंडी टाकीच्या बारीक चिरीवर वडी घासली की साबण पेट्रोलात विरघळत नाही आणि गॅरेजपर्यंत पोचवतो. पण आजच्या कितीतरी गाड्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या आहेत, आणि पेट्रोलचा वास आला की पहिलं काम गाडी बंद करून लोकांना लांब नेणं, साबण शोधणं नव्हे. मोज्याचं मात्र विसरा. तेव्हाचा पट्टा फक्त पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवायचा. आताचा रुंद, खाचांचा पट्टा एकटाच अल्टरनेटर, एसी, कधी पाण्याचा पंपसुद्धा फिरवतो आणि चार-पाच पुल्यांभोवती वळसे घेतो. तिथे मोजा म्हणजे नुसता धूर.

पावसात वायपर बंद पडल्यावर काचेला तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायची तुमची एसटीवाल्यांची युक्ती मी अजून वापरतो. पाणी थेंब न धरता पसरतं, सावकाश चालवत खाली येता येतं. तेलाच्या चेंबरला दगड लागून पाझर सुटला तर दोन रंगांचा मळून लावायचा एम-सील चालतो, जागा कोरडी पुसून सँडपेपरने खरवडली असेल तर. तेलाचा लाल दिवा लागल्यावर ‘एवढं पुढचं गाव गाठू’ म्हणत चालवलेली इंजिनं मात्र कशानेच बुजत नाहीत.

साबणाची वडी माझ्या गाडीत आजही असते. टाकीसाठी नाही, हात धुवायला. शेजारी दहा नंबरचा पाना ठेवला होता, परवा शोधला, नाही.